एक थेंब न पिता पाहिलेलं पुणं

पडदा वर जातो.

दुपारचे चार. पुण्यातला एक उंच छताचा, ऐसपैस हॉल. मागे काचेची भिंत आणि काचेपलीकडे माणसाच्या तिप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, घासूनपुसून लख्ख. पुढे लाकडी टेबलं. कुणाच्या मांडीवर लॅपटॉप, कुणाच्या हातात सोनेरी पेला, सगळीकडे तरुण हसू. आणि मधोमध, जिथे उजेड सर्वांत चांगला पडतो त्या खुर्चीत, पांढऱ्याशुभ्र शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस. त्याच्यासमोर एका फळीवर सहा छोटे ग्लास. तो पहिला उचलतो, नाकाखाली धरतो, डोळे मिटतो. तीन लांब श्वास घेतो. मग ग्लास तसाच भरलेला खाली ठेवतो आणि दुसरा उचलतो.

वेटर अदबीने वाकतो. “सर, आवडलं नाही का?”

“आवडलं ना बाप्पा,” तो म्हणतो. “पन मी पेत नाही.”

विंगेतून मी आयुष्यभर अनेकांच्या एंट्र्या पाहिल्या, पण असा प्रवेश कुणाला जमला नव्हता. या माणसाचं नाव देवमन खिल्लारे. मुक्काम मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम.

आमच्या नाटक मंडळीत बारा वर्षं पडदा देवमनच्या हाती होता. राजा मरून पडला की प्रेक्षकांच्या घशात हुंदका येईपर्यंत तो थांबायचा आणि मगच दोरी सोडायचा. पोटापाण्याचा धंदा मात्र धान्याचा. मालेगावच्या बाजारात तो हमाल म्हणून लागला आणि पुढे एका आडत्याकडे मालाची पारख करू लागला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर तूर वर काढायची, हुंगायची आणि एक दाणा दाताखाली फोडायचा. “वरचा माल सगळ्यायचाच चांगला असते,” तो म्हणे. ओलावा मोजायचं यंत्र आलं त्यानंतरही आडत्या आधी देवमनचं तोंड बघायचा आणि मग यंत्राचा काटा.

पण वस्तीत त्याची ओळख वेगळी होती. मेडशीच्या विहारात दर रविवारी पंचशील देवमन सांगतो आणि बाकीचे त्याच्यामागे म्हणतात. त्यातलं पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, त्याने नुसतं तोंडाने म्हटलेलं नाही. त्याचा मोठा भाऊ दारूने गेला. त्यानंतर वस्तीच्या तोंडाशी असलेल्या देशीच्या दुकानापुढे देवमन आणि वस्तीतल्या चंपाबाई अकरा दिवस उन्हात बसले, तेव्हा ते दुकान हललं. नाटकानंतर आम्ही मंडळी ‘बसायचो’ तेव्हा हा आमच्यातच बसून चिवडा खायचा आणि शेवटी एकेकाला घरी पोचवायचा. कधी बोल लावला नाही, आणि कधी ग्लासाला बोटही लावलं नाही.

आता अशा माणसाच्या एकुलत्या एका पोरीने काय करावं? रूपा मायक्रोबायॉलॉजी शिकली, पुण्याला गेली आणि बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला लागली. म्हणजे त्या स्टीलच्या टाक्यांच्या पलीकडे, पांढरा कोट घालून. तिने बापाला पहिल्याच महिन्यात फोन करून खरं सांगितलं होतं. बापाने मात्र गावात सांगितलं, “औषधाच्या कंपनीत हाय.” दोन वर्षं सांगत राहिला.

यंदा विहाराच्या समितीने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या शिकलेल्या मुलींचा सत्कार करायचा. समितीचा तरुण सचिव धम्मरत्न वही घेऊन देवमनच्या अंगणात आला. मी तिथेच चहा पीत होतो.

“काका, कार्डावर रूपाताईच्या नावाखाली काय टाकू? कंपनीचं नाव सांगा.”

देवमनचा कप हातातच राहिला. “चार दिसानं सांगतो.”

“कार्ड छापाले द्याचं हाय ना काका!”

“तं काय झालं? चार दिसानं दे.”

धम्मरत्न गेला. घरातून देवमनची बायको रत्नमाला बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “जा, एकदा डोयानं पाहून या. पोरगी काय करते ते दोन वर्षांपासून मी एकटीच फोनवर ऐकून राह्यली. कवाबी फोन द्याले गेलं का तुमी म्हसीले पानी पाजाले निंगता.”

“आपल्या घरी म्हैस नाही,” देवमन म्हणाला.

“तेच तं!”

अशा रीतीने देवमन पुण्याला निघाला आणि सोबतीला मला घेतलं. “मास्तर,” बसमध्ये तो मला म्हणाला, “मले ते काम पटलं नाही तं मी तिले घरी चाल म्हननार. अन् पटलं तं गावाले काय सांगू? दोन्हीकडून मीच फसून राह्यलो.”

रूपाने आम्हाला आधी तिच्या कारखान्यात नेलं. मागच्या खोलीत धान्याची पोती होती. देवमनचे डोळे चमकले. आता पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं. त्याने बाही वर केली आणि सरळ उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

“अरे, अरे, अंकल!” हातमोजे घातलेला एक मुलगा धावत आला. तो माल उकळायच्या आधीचा होता, तरी तिथे साध्या हाताने शिवायची रीत नव्हती. रूपाचे वरिष्ठ सतीश सरही आले. देवमन आपला तळातली मूठ काढून हुंगत होता. एक दाणा त्याने फोडलाही.

“सातू हाय,” तो म्हणाला. “मोड आनून भाजला. गोड लागते. माल चांगला हाय, पन हे पोतं भितीले टेकवू नका. खालून दमट होऊन राह्यलं.”

सतीश सरांनी पोतं हलवायला लावलं. मागची भिंत खरंच ओलसर होती. “रूपा,” ते हसून म्हणाले, “ही पारख तुझ्या घरचीच आहे म्हणायची.”

देवमनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो टाकीजवळ जाऊन वाकला होता. आत दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजत होतं. “ही तं आंबील हाय!” तो ओरडला, आणि लगेच घाबरून रूपाकडे वळला. “म्हंजे लहानपनी मायच्या हातची आंबील पेलो, ते शील मोडलं का मी?”

“नाही बाबा,” रूपा हसली. “ते एक दिसाचं आंबवन. हे वीस दिसाचं.”

“मंग ठीक हाय.” त्याने सुटकेचा श्वास सोडला. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हिरव्या फुलांच्या वाळवून दाबलेल्या गोळ्या त्याला दाखवल्या, तर म्हणाला, “ढोरायची ढेप!” पण हुंगल्यावर मान हलवली. “नाही बा. संत्र्याची साल अन् गवत.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रूपाने आम्हाला तिच्या व्यवसायाचं सगळं पुणं दाखवलं. एका ठिकाणी जुन्या गोदामात बिअर बनत होती, एका ठिकाणी गच्चीवर पेरूच्या झाडाखाली टेबलं होती, एका ठिकाणी ज्वारीची बिअर मिळाली. सगळीकडे ही छोट्या ग्लासांची फळी यायची. देवमन वास घ्यायचा आणि सांगायचा: भाजलेली तूर, केळ्याचं साल, लवंग. मग फळी माझ्याकडे सरकवायचा. मी कुठलंही शील घेतलेलं नाही, त्यामुळे दोघांच्या वाट्याचा अभ्यास मीच केला. ज्वारीच्या बिअरपाशी मात्र तो बराच वेळ थांबला. “कन्सं कोवळी असताना भाजतात ना, हुरडा,” तो म्हणाला, “तसा वास हाय. कोनं केली असंन?”

“मी,” रूपा म्हणाली. “या दुकानवाल्यायले माही कृती आवडली. आमच्याकडून घेऊन जातात.”

देवमनने ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला.

शेवटी वाईन बार. मंद दिवे, लांबलचक काउंटर आणि पलीकडे काळ्या पोशाखातली राखी नावाची एक हसरी मुलगी. तिने परदेशी बाटलीचं बूच काढून तीन ग्लासांत लाल वाईन ओतली आणि द्राक्षं कुठली, किती वर्षांची, हे ती अगदी सुरेख सांगू लागली. देवमनने ग्लास नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, राग नको मानू. याचं पोतं भिजलं होतं.”

“काय?”

“ओल्या पोत्याचा वास येऊन राह्यला. माल चांगला असंन, पोत्यानं मारला.”

रूपाने हुंगलं. राखीनेही हुंगलं आणि तिचं हसू पुसलं गेलं. “बूच खराब निघालंय,” ती हळूच म्हणाली. “मी गडबडीत हुंगायचं विसरले. सॉरी, काका.” तिने बाटली बाजूला ठेवली आणि दुसरी उघडली. “काका, तुम्ही काय करता?”

“तुरीचा बाजार,” देवमन म्हणाला.

रूपा बापाकडे वळली. मग म्हणाली, “बाबा, नोकरीच्या मुलाखतीत माह्यापुढं पाच ग्लास ठेवले होते. त्यातला एक बिघडलेला. बाकी कोनालेच ओळखू आला नाही. मले वासावरून कळलं. लहानपनी तुमी डोळे बांधून मले तुरीच्या मुठी हुंगाले देत होते ना? ही नोकरी मले तुमच्या नाकानं देली.”

मला वाटलं, आता हा दोरी सोडणार, प्रवेश इथेच संपणार. पण तो ताठ बसला आणि मनातला खरा प्रश्न त्याने बाहेर काढला.

“अन् रूपा, हे पेऊन कोनी घरी जाऊन बायकोले मारत असंन, त्याचं काय? तुह्या मोठ्या बाबानं घर बुडवलं. ते तं देशी होतं म्हनशीन.”

“नाही म्हननार,” रूपा म्हणाली. “याचं पुरं उत्तर मले नाही येत, बाबा. जास्त झालेल्याले आमी देत नाही, गाडी चालवू देत नाही. तरी तुमचा प्रश्न राह्यतेच. तो घेऊनच मी रोज कामाले जाते. पन मी काय करते ते मी कोनापासून लपवत नाही. लपवून राह्यले ते तुमी.”

त्यावर देवमनने एवढंच विचारलं, “तुले जेवन वेळेवर भेटते ना?” तिने मान हलवली. त्याने तिला घरी चल म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये सकाळी मेहकर मागे पडलं तेव्हा तो एकदम म्हणाला, “मास्तर, चौथं शील काय हाय?”

“खोटं बोलणार नाही.”

“दोन वर्षांपासून दर रविवारी मी लोकायले ते म्हनाले लावतो.” तो खिडकीबाहेर बघत होता. “पाचवं राखाच्या नादात मी चौथं मोडून राह्यलो. अन् तेबी पोरीच्या नावानं.”

गावात उतरल्यावर धम्मरत्न गाठायला आलाच. देवमनने त्याला सांगितलं, “नावाखाली काही छापू नको. मी सोता सांगीन.”

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार पांढऱ्या साड्यांनी आणि पांढऱ्या सदऱ्यांनी भरून गेला होता. रूपा पुण्याहून आली होती, आईच्या शेजारी बसली होती. मी मागे दाराशी. वंदनेआधी देवमन उठला आणि त्याने माइक हातात घेतला. बारा वर्षं पडद्यामागे राहिलेला माणूस आज पुढे उभा होता.

“माही पोरगी पुन्यात बिअर बनवते,” तो म्हणाला. “दोन वर्षांपासून. मी तुमाले औषधाची कंपनी सांगत होतो, ते खोटं होतं. खोटं माहं हाय, तिचं नाही. अन् खोटं बोलनाऱ्यानं शील सांगू नये. आजपासून दुसरं कोनी सांगावं. तिचा सत्कार कराचा का नाही, तेबी तुमी ठरवा.”

मग ऐंशी पार केलेल्या चंपाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

“देवमन, मंग आपन अकरा दिवस उन्हात कायले बसलो होतो रे?”

“घरं बुडत होती म्हनून, चंपामाय. आजबी बसीन. पोरीच्या दुकानापायी कोनाचं घर बुडताना दिसलं तं तिच्या दारातबी बसीन. तिले तसं सांगतलं फोनवर.”

“काय म्हने ती?”

“म्हने, या. उन्हाची टोपी घेऊन या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. देवमन माइक धम्मरत्नकडे देऊन खाली बसला. चंपाबाईंनी रूपाकडे मोर्चा वळवला. “काय वं, तू पेते?”

“चाखते, आजी. काम हाय ते माहं.”

“अन् हा बाप तुहा दोन दिवस तिथं काय करत होता?”

“वास घेत होते.”

आता बायकांची पूर्ण रांग हसली. चंपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी रूपाला न्याहाळलं. “मले तुहं काम नाही पटलं,” त्या म्हणाल्या. “पन शिकली तं तू हायेस. सत्कार शिकल्याचा हाय ना? मंग हार माह्या हातानं घालीन.” आणि देवमनकडे काठी रोखून म्हणाल्या, “अन् तू रे, खाली काहून बसून राह्यला? खोटं बोललो म्हनून चारचौघात सांगते असा दुसरा मानूस हाय का गावात? उठ. शील तूच सांग.”

धम्मरत्नने माइक पुन्हा पुढे केला. देवमन उठला. त्याने डोळे पुसले, रूपाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला,

“तं मंग हात जोडा. अन् चौथं आज दोनदा म्हनू, मले गरज हाय.”