घड्याळकाकूंचा सातवा श्वास

आमच्या कोपऱ्यावर झाडाखाली इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली घड्याळकाकू म्हणते. उन्हाळ्यात सावली सरकेल तसं त्या आपलं टेबल सरकवतात. टेबल नळाजवळ असलं की दहा, खांबापाशी आलं की बारा, शाळेच्या भिंतीला लागलं की चार. मी तर खिडकीतून टेबल बघूनच कुकर लावते.

एकोणीस उन्हाळ्यांत या टेबलावर एकही कपडा जळला नाही, हा काकूंचा तोरा. तो उतरवायला त्यांची मोठी नणंद आली.

नणंदबाई डोंगरातल्या कुठल्याशा शिबिरात दहा दिवस मौन पाळून आल्या होत्या, आणि न बोललेलं सगळं आता व्याजासकट बोलत होत्या. दुपारी डबा घेऊन आल्या तेव्हा काकू शाळेच्या हेडसरांचा पांढरा शर्ट करत होत्या. सर त्या दिवशी निवृत्त होणार होते. पाच वाजता निरोपसमारंभ, आणि शर्ट त्यासाठीच शिवलेला.

"अगं, जरा निसर्गाशी एकरूप हो," नणंदबाई म्हणाल्या. "झाडाखाली बस. श्वास मोज."

"एकोणीस वर्षं झाडाखालीच तर आहे, वन्सं."

"उभी आहेस! बसावं लागतं. आणि डोळे मिटायचे."

वन्सं ऐकायच्या नाहीत हे माहीत असल्यामुळे काकू स्टुलावर बसल्या, डोळे मिटले आणि इस्त्री नेहमीसारखी न बघता उजवीकडे विटेवर ठेवली. पण त्यांच्या हाताला वीट ठाऊक होती ती उभ्यानं. बसल्यावर त्याच हाताखाली शर्टाची पाठ आली.

सातव्या श्वासाला वास आला.

"वन्सं, काहीतरी जळतंय."

"जळणारच!" नणंदबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "आतला मळ जळतो. बसून राहा."

काकूंनी डोळे उघडले. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराची तपकिरी होडी उमटली होती.

त्यानंतर टेबल हललंच नाही. आमच्या गल्लीत अडीच वाजले ते वाजूनच राहिले. एवढा वेळ अडीच कसे, म्हणून मी खाली उतरले, तर काकू भर उन्हात शर्ट छातीशी धरून उभ्या आणि नणंदबाई रिकामा डबा पुन्हापुन्हा पुसताहेत. तेवढ्यात शाळेच्या फाटकातून हेडसर आले.

"काय काकू, घड्याळ बंद पडलं?"

काकूंनी शर्ट पुढे केला. सरांनी होडी पाहिली. त्यांचाही चेहरा क्षणभर पडला, खोटं कशाला सांगू.

"डोळे मिटले होते, सर," काकू म्हणाल्या. "वन्सं म्हणाल्या, म्हणजे निसर्ग कळतो."

सरांनी जन्मभर विज्ञान शिकवलेलं. त्यांनी शर्ट सावलीत धरला. पानांतून आलेलं ऊन त्यावर ठिपक्याठिपक्यांनी सांडलं.

"वर पानांमधल्या फटी कशा आहेत?"

"वेड्यावाकड्या."

"आणि हे ठिपके?"

"गोल!" काकू एकदम बोलल्या. "तेच तर, सर! रोज बघते. विचारावं तर लोक हसतील."

"प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे. फट कितीही वाकडी असू दे, एवढ्या उंचावरून खाली उतरतो तो अख्खा सूर्यच."

काकूंनी एका ठिपक्याखाली तळहात धरला. तो हातात गोल बसला. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, आणि नणंदबाईसुद्धा गप्प होत्या. त्यांचं खरं मौन मी तेवढंच पाहिलं.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी सूर्यांवरून इस्त्री फिरवतेय?"

"आणि एकावरही डाग नाही," सर म्हणाले. "आता पुढची बाजू तेवढी कडक करून द्या. वर कोट घालतो. या उकाड्यात कोट काढता येणार नाही, त्यामुळे भाषणंही आटोपती घ्यायला लावतो. सगळी शाळा तुम्हाला दुवा देईल."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तर स्टुलावर नणंदबाई आणि काकू त्यांना बजावताहेत, "डोळे उघडे ठेवा हं वन्सं. सूर्य टेबलाच्या कडेला आले की टेबल सरकवायला सांगायचं."

नणंदबाई खाली मान घालून ठिपके बघत बसत, त्यात रमून जात, आणि सांगायचं विसरत. तो आठवडाभर आमच्याकडे कुकर वीस मिनिटं उशिरा लागला.