मधला चेंडू विनूभाऊचा

शेवटचं भेटलो तेव्हा विनूभाऊनं मला एक प्रश्न विचारला होता. मे महिना सरत आला होता. सकाळचे साडेसहाच वाजले होते, तरी सिमेंटचं कोर्ट तापायला लागलं होतं. आमच्या टेनिस क्लबच्या दुसऱ्या कोर्टाच्या कडेला, कडुनिंबाखाली एक लोखंडी बाक आहे. त्यावर तो बसला होता. खेळायला आला नव्हता, नुसता बसायला आला होता. मी दोन सेट खेळून घाम पुसत शेजारी टेकले. त्यानं थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे केला आणि कोर्टाकडे बघतच म्हणाला, "ताई, तुले मले काही सांगाचं हाय का?"

"नाही गा," मी म्हणाले. "काय सांगू?"

"बरं," तो म्हणाला. मग आम्ही यंदाच्या उन्हावर बोललो, माझ्या लेकीच्या बदलीवर बोललो, आणि मी घरी आले. अकरा दिवसांनी सुमनवहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले." सकाळी आरशासमोर दाढी करता करता छातीत कळ आली, खाली बसला, तो उठलाच नाही. माझ्या गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, आणि मी हातात फोन धरून बघत राहिले.

मला सांगायचं होतं. सात महिने सांगायचं होतं. ते इथं लिहितेय, कारण ज्याला ऐकवायचं तो आता नाही, आणि पोटात ठेवून मला झोप लागत नाही.

विनायक, म्हणजे आमचा विनूभाऊ, हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मूळचा कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातला. रॅकेट हातात आली ती वयाच्या तिशीत, कारखान्याच्या साहेबाची तुटलेली दुरुस्त करायला दिली म्हणून. दुरुस्त केली, दोन-चार चेंडू भिंतीवर मारून बघितले, आणि संपलंच! पुढं त्यानं घराच्या मागच्या खोलीत गटिंगचं, म्हणजे रॅकेटीत तारा ओढून बसवायचं, मशीन स्वतः बनवलं. निवृत्तीनंतर तर दिवसभर तिथंच. मी भूगोलाची मास्तरीण. तीस वर्षं पोरांवर ओरडल्यामुळे माझा आवाज आणि पारा दोन्ही कायम चढलेले, त्यामुळे क्लबात मिक्स्ड डबल्सला मला कुणी जोडीदार मिळत नव्हता. विनूभाऊ आपणहून आला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण पहिल्या दिवसापासून मला ताईच म्हणाला. एकच अट घातली. "मधला चेंडू माझा. तू मधात येऊ नको वं बाई, रॅकेटवर रॅकेट आदळते." ती अट मी बावीस वर्षं पाळली. माझ्या नवऱ्याला अजून नवल वाटतं, की ही बाई कुणाचं तरी ऐकते.

त्याची खरी ख्याती रॅकेट निवडून देण्याची. आणि तीही नवशिक्यांना नाही. नवीन पोरं आली की सरळ सीताबर्डीच्या दुकानात पाठवायचा, म्हणायचा, "त्याईले कोणती बी चालते." त्याच्याकडे यायचे ते वीस-वीस, तीस-तीस वर्षं खेळलेले लोक. डॉक्टर, वकील, दोन-तीन जुने राज्यपातळीवरचे. अशांची रॅकेट निवडणं सगळ्यात अवघड, असं त्याचं मत. का, तर यांना स्वतःबद्दल फार गैरसमज असतात. "ताई, हा साठीचा मानूस माझ्यापाशी येते अन् पंचविशीतला हात घेऊन येते. आता तो हात मी कुठून आणू?"

त्याची पद्धत अशी. तो माणसाला काय हवं ते विचारायचाच नाही. आधी दोन दिवस त्याचा खेळ बघायचा, तोही सेट हरत असताना. "जितताना सगळ्या रॅकेटी बऱ्याच वाटतात. हारताना पाहाचं, हात कुठं उशिरा पोचते." मग तीन रॅकेटी द्यायचा, तिन्हींवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कंपनी दिसायला नको, रंग दिसायला नको, वजनाचा आकडा तर नाहीच. तीन संध्याकाळी तीन रॅकेटींनी खेळा. आणि कोणती आवडली हे कोर्टावर सांगायचं नाही, तो ऐकूनच घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं भरलं पातेलं उचलायचं आणि कुठं दुखतं ते त्याला फोनवर सांगायचं. "हातानं खोटं बोलाचं ठरवलं तरी पातेलं बोलू देत नाही." एका नामांकित वकिलांनी यासाठी आयुष्यात पहिल्यांदा गॅसजवळ उभं राहून चहा केला, हे त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं.

निवड झाली की तो मुठीवरचं चामडं उलगडायचा आणि आतल्या दांड्यावर बॉलपेननं तीन गोष्टी लिहायचा. नाव, वजन, तक्रार. तक्रार म्हणजे खेळणाऱ्याची. "कोपर." "व्हॉलीला उशीर." "बॅकहँडची भीती." मग चामडं पुन्हा घट्ट गुंडाळायचा. माझ्या रॅकेटवर काय लिहिलंय ते मी एकदा बघितलं होतं. "तक्रार – राग." आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा खांदा गेला. सर्व्ह करताना कण्हायचा, मग "काही नाही, काही नाही" म्हणत हसायचा. डॉक्टरांनी साफ सांगितलं, रॅकेट हलकी करा नाहीतर खेळ सोडा, नाहीतर दाढी करायलाही हात वर होणार नाही. त्याची रॅकेट तीनशे चाळीस ग्रॅमची, चौदा वर्षं जुनी. साठीच्या वर कुणी तेवढं वजन मागितलं असतं तर त्यानं दारातूनच परत पाठवलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत मुळीच ऐकेना. "हिचा अन् माझा हात एकच हाय," एवढंच. वहिनी चिडून म्हणायच्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" आणि हे म्हणताना त्यांचे डोळे भरलेले असायचे, कारण झोपेत कूस वळताना तो कसा कळवळतो ते त्याच ऐकत होत्या.

मग आम्ही दोघींनी तो उद्योग केला.

त्याच रॅकेटचा एक हलका प्रकार कंपनीनं तेव्हा काढला होता. तोच रंग, तेच पट्टे, वजन फक्त तीनशे. ओळखीतून पुण्याच्या एका खेळाडूकडून मी ती मिळवली. गेल्या ऑक्टोबरमध्ये विनूभाऊ पुतणीच्या लग्नाला चार दिवस गावी गेला, तेव्हा वहिनींनी त्याची रॅकेट पदराखाली घालून माझ्या घरी आणली. बाप्पा, काय थाट होता! पन्नाशी-साठीतल्या दोन बाया दार लावून चोरी करत बसलो होतो. जुनीवर जिथं जिथं खरचटलं होतं तिथं तिथं मी नवीला अंगणातल्या फरशीवर घासलं. त्याच्यासारखंच जुनं चामडं शोधून गुंडाळलं, वर त्याचीच मळकी पट्टी चढवली. गटिंग मात्र माझ्याकडून होणं नव्हतं. ते त्याच्याच शिष्यानं, एका डॉक्टरांनी, कारण न विचारता करून दिलं. वहिनी म्हणाल्या, "ताई, शपथ घ्या. हे आपल्या दोघींतच राहील." मी घेतली. खरी रॅकेट माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे गेली.

पाचव्या दिवशी तो कोर्टावर आला. रॅकेट काढली, सवयीनं तारा तळहाताच्या उंचवट्यावर ठोकल्या, टक्... टक्... आणि कान देऊन ऐकलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "चाल, सर्व्ह कर." मला वाटलं, जमलं! महिन्याभरात त्याचं कण्हणं थांबलं. वहिनींनी मला घरी बोलावून, त्याच्या शेजारी बसवून पुरणपोळी खाऊ घातली.

पण जड रॅकेटचा हात असा पटकन हलका होत नाही. समोरून जोरात आलेला चेंडू आता त्याच्या रॅकेटला मागे ढकलून द्यायचा. मधले चेंडू, जे त्याचे, ते तरंगत वर जायला लागले. फेब्रुवारीत ज्येष्ठांच्या स्पर्धेत आम्ही अशा जोडीशी हरलो, जिच्याशी आम्ही बावीस वर्षांत कधी एक सेटसुद्धा घालवला नव्हता. शेवटचा चेंडू मधलाच होता. तो जाळ्यात गेला. विनूभाऊ आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "हात गेला वं ताई माझा."

तेव्हा बोलायचं होतं. हात नाही गेला भाऊ, रॅकेट गेली, ती माझ्या कपाटात आहे... शब्द ओठांवर आले होते. प्रेक्षकांत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको. आणि जिच्या तोंडाला शाळेत मुख्याध्यापक घाबरायचे ती मी गप्प बसले. म्हणाले, "चालतं गा. खेळ आहे."

त्यानंतर तो खेळायला येईनासा झाला. आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग नुसता बाकावर. लोकांच्या रॅकेटी मात्र निवडून देतच होता. मी रोज ठरवायचे, उद्या सांगू. खांदा बरा आहे ना, मग आणखी थोडे दिवस जाऊ देत, असंही मनाला समजवायचे. आणि मग तो बाक, तो चहा, तो प्रश्न... आणि माझं "नाही गा."

तो गेल्यावर मी पंधरा दिवसांनी कोर्टावर गेले. आता माझ्या जोडीला बँकेतले एक गृहस्थ आहेत, फार सज्जन. पहिल्याच दिवशी मधे चेंडू आला आणि मी थांबले. तेही थांबले. चेंडू आमच्या दोघांच्या मधून सरळ मागच्या जाळीपर्यंत गेला. "मॅडम, तुमचा होता," ते म्हणाले. अजूनही तेच होतं. मेंदूला कळतं, पायांना कळत नाही. मधे चेंडू आला की डावीकडून त्याच्या बुटांचा आवाज येतो, मी ऐकते, खरंच ऐकते, आणि जागा सोडते. परवा तर मागे बाकाकडून टक्... टक्... असा तारा ठोकल्याचा आवाज आला. वळून बघितलं, बाक रिकामा. मला भुताखेताचं काही वाटत नाही, आयुष्यभर पोरांना विज्ञान सांगितलं. पण त्या दिवशी मी सेट अर्धा टाकून घरी आले.

महिना झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. मागच्या खोलीत मशीन तसंच होतं. त्यांनी ती हलकी रॅकेट माझ्या हातात ठेवली. "तुमचीच आहे तशी. घेऊन जा. मले पाहवत नाही."

घरी आणली. कपाट उघडलं, साड्यांमागची खरी काढली, दोघी शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. हुबेहूब. नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखता आलं नसतं. वरची मळकी पट्टी सोडल्यावर मात्र लक्षात आलं की हलक्या रॅकेटच्या मुठीवरचं चामडं माझ्या हातचं नाही. मी गुंडाळलं होतं ते वेडंवाकडं, टोकाला सुरकुती पडलेलं. हे सपाट होतं, एकसारखं, घट्ट. हे त्याच्या हातचं होतं.

मी टोकाची पिन काढली आणि उलगडायला लागले, एकेक वेढा. आत त्याचं ते बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं. वर महिना लिहिला होता, नोव्हेंबर. म्हणजे आम्ही बदलली त्याच्या पुढच्याच महिन्यात. त्याखाली तीन ओळी.

नाव – ताई.
वजन – ३०२.
तक्रार – नाही.

रॅकेट त्याच्या हातातली, पण नाव माझं. त्याला माहीत होतं. पुरणपोळी खाताना माहीत होतं, फेब्रुवारीत हात गेला म्हणाला तेव्हा माहीत होतं. बाकावर चहा ओतताना तर माहीत होतंच. मागितली असती तर त्याची रॅकेट मी त्याच क्षणी पळत जाऊन आणली असती. काहून मागितली नाही? आमची लाज राखली, की बायकोचं मन राखलं, की त्याच्या हातानंच त्याला सांगितलं होतं की आता जडही उचलणार नाही? कोणाला विचारू? "तक्रार नाही" हे वाचून हलकं वाटायला हवं, सगळे तसंच म्हणतील. मला वाटत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी, हे छापून येईल तेव्हा तुम्ही वाचाल. शपथ मोडली, रागवा. पण त्यानं आपल्या दोघींवर रागावून डोळे मिटले नाहीत, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

चामडं पुन्हा गुंडाळायला घेतलं, जमत नाही. एका हातानं ताणून धरावं लागतं आणि दुसऱ्यानं फिरवावं लागतं. तो करायचा तेव्हा टोक धरायला मी असायचे. म्हणून रॅकेट तशीच आहे, उघड्या मुठीची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. रोज सकाळी चहाचं भरलं पातेलं उचलते. कुठं दुखतं ते तेव्हा बरोबर कळतं. आणि मी मोठ्यानं, घरातल्यांनी ऐकलं तरी चालेल अशा आवाजात म्हणते, "विनूभाऊ, सांगायचं होतं गा."