गम्बोत पडलेलं आमसूल

मी लेखक नाही, स्वयंपाकी नाही, आणि ज्या पदार्थाबद्दल लिहितोय तो मी स्वतः बिघडवलेला आहे. तरीही लिहायला बसलोय, याबद्दल आधीच माफ करा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बाबा टेक्सासमधल्या प्लेनोत एका इंडियन ग्रोसरीत भाजीचा विभाग सांभाळतात, आई घर सांभाळते, आणि पहिल्या सेमिस्टरपासून मी त्या दोघांना सांभाळायला लागलो. इन्शुरन्स कुठला घ्यावा, डिशवॉशर का गळतो, काहीही असो, आई म्हणणार, "त्याला विचारा, तो कॉलेजात आहे." (माझा विषय इतिहास आहे. डिशवॉशर त्यात येत नाही.)

आईला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती: ड्रायव्हिंग लायसन्स. प्लेनोत गाडी चालवता येत नसली की माणूस कुंडीसारखा होतो, कोणी उचलून ठेवेल तिथे बसायचं. तिला शिकवत होत्या शेजारच्या ओडेट मावशी. मूळच्या लुइझियानाच्या, स्कूलबस चालवून रिटायर झालेल्या, आणि आवाज असा की हॉर्नची गरज नाही. सोमवारी आईची टेस्ट होती आणि ती मावशींच्याच गाडीतून द्यायची होती, कारण बाबांची गाडी बाबांबरोबर दुकानात.

शनिवारी मावशींचा भाऊ क्लॉड लुइझियानाहून येणार होता आणि नेमकी त्यांची शेगडी बंद पडली. म्हणून त्याच्यासाठीचा गम्बो आमच्या घरी शिजायला लागला. गम्बो म्हणजे त्यांच्याकडचं दाट कालवण, भातावर घेतात. मावशींनी तेलात मैदा ढवळत ढवळत चॉकलेटी केला, त्यात भेंडी घातली, आणि भावाला आणायला एअरपोर्टवर निघाल्या.

"बेबी, फक्त लक्ष ठेव. हात लावायचा नाही. कोळंबी मी आल्यावर टाकीन."

मी मान डोलावली. मग आईने झाकण उघडलं.

"अगंबाई! मैदा करपलाय!"

"आई, तो मुद्दाम तसा करतात."

"आणि भेंडीला ही एवढी तार! पाहुण्यासमोर लाज जाईल बिचारीची."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नुकताच मी गम्बोच्या उगमावर पेपर लिहिला होता आणि त्याला 'ए' मिळाला होता! मी म्हणालो, "गम्बो हा शब्दच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला असं म्हणतात."

"नावाचं राहू दे. आंबट घातलं की तार जाते. आंबट चालतं का त्यात?"

"तसं... काही लोक टोमॅटो घालतात. काहींना ते अजिबात पटत नाही. वाद आहे."

"म्हणजे चालतं," आई म्हणाली आणि टोमॅटोचा अख्खा डबा ओतला. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे मागोमाग मूठभर आमसुलंही पडली. तार गेली. तारेबरोबर दाटपणाही गेला. आता कालवणाचं सार झालं.

"आता रे?"

"दाटपणासाठी काही जण झाडाच्या पानांची पूड घालतात. ती तिथल्या मूळ रहिवाशांची देणगी."

"पूड ना? बेसन आहे की!"

बेसनाच्या गुठळ्या झाल्या, त्या मी रवीने मोडल्या. (हो, रवीने. मी.) मग कोळंबी नुसती कशी ठेवायची म्हणून आईने तिला हळद-मीठ लावलं आणि तीही आत सोडली. बाबा कामावरून आले, भांड्यात डोकावले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! पिठलं!"

तेवढ्यात बेल वाजली.

क्लॉड काका धिप्पाड होते. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिने घराणंच विकलंय.

"ओडेट. टोमॅटो?"

"मी नाही घातला!"

"टेक्सासात राहून तू टेक्सासची झालीस! आणि भेंडी कशाला? आपली आई पानांची पूड घालायची!"

"आई उन्हाळ्यात भेंडीच घालायची! तू जेवायला घरी असायचास कधी?"

भांडण पेटलं. मला वाटलं, हीच माझ्या शिक्षणाची वेळ. मी उभा राहिलो (उभा राहायची काही गरज नव्हती) आणि म्हणालो, "खरं तर तुम्ही दोघंही बरोबर आहात. अस्सल गम्बो असा काही नसतोच. माझ्या पेपरमध्ये..."

"तुझ्या काय?" ओडेट मावशींनी हळू आवाजात विचारलं. हॉर्न वाजला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली.

"पेपरमध्ये."

"माझ्या आजीने पेपर नाही लिहिला, बेबी. तिने गम्बो केला." त्यांनी भांडं उचललं, गाडीची किल्ली उचलली, भावाला उचललं आणि निघून गेल्या.

आई दारात उभी राहून बघत होती. भांड्याकडे नाही, किल्लीकडे.

"सोमवारी येईल का रे ती?" तिने विचारलं.

रविवारी मी बसने कॉलेजला परतलो. सोमवारी दिवसभर आईचा फोन लागेना. बाबांना मेसेज केला, "काय झालं?" त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. (बाबा बारशाला आणि मयताला तेच पाठवतात.) मी मावशींना माफीपत्र लिहायला घेतलं. त्याला तळटिपा होत्या.

संध्याकाळी एकदाचा आईचा फोन आला. "पास झाले रे!"

"पण गाडी? मावशी?"

"सकाळीच दारात येऊन ओरडली, 'लवकर चल!' ती तुझ्यावर चिडलीये, माझ्यावर कशाला चिडेल?"

"आणि त्या दोघांचं भांडण?"

"मिटलं की. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बहीणभावाचं एकमत झालंय म्हणे. तुला गम्बोजवळ फिरकू द्यायचं नाही. बरं, शुक्रवारी तुला घ्यायला येते. एकटी."

"एकटी? हायवेवरून? आई, अगं..."

"मग काय तू चालवणार आहेस?"

लायसन्सच्या परीक्षेत मी अजून नापास आहे. लेखी परीक्षेत.