गळू मांडीवर, घाव मणक्यात

मांडीवर गळू आलं, तेव्हा मी त्याला फारसा भाव दिला नाही. अकोटच्या कापसाच्या जिनिंगात दिवसभर उभं राहणाऱ्याला असले लाड परवडत नाहीत. बायकोनं जवसाचं गरम पोटीस बांधलं, गळू फुटलं, सुकलं. मी विसरूनही गेलो.

मग पाठ धरली. बसू देईना, वाकू देईना, अंगात कणकणही होती. घरात सगळ्यांचं एकमत झालं, की उसण भरली. आमच्याकडे उसणीवर एकच इलाज, पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. माझी वहिनी पायाळू. एरवी माझ्यापुढे पदर सावरणारी ही बाई, लाथ मारायची म्हटल्यावर भलतीच खुशीत आली.

"भाऊजी, पालथे झोपा. आता पाहा कशी पयते थे उसण."

तिनं पाय नुसता टेकवला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिचा चेहरा उतरला. "हे उसण नाई वाटत मले. आंग किती तापलं तुमचं."

सकाळी उठायला गेलो, तर पाय उठेनात. गाडीत घालून मला अकोल्याला नेलं. वाटेत मांडीला चिमटा काढून पाहिला, तर मांडी जणू शेजाऱ्याची.

डॉक्टरांनी एमआरआय दाखवला. गळवातले जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसले होते. तिथं पू साचून मज्जारज्जू दाबला गेला होता. "ऑपरेशन आजच करू. पाय परत येतील का, ते आत्ता सांगता येत नाही."

मी त्या चित्राकडे बघतच राहिलो. करंगळीएवढी दोरी, आणि तिच्यावर माझं सगळं चालणं. एवढी वर्षं मला वाटत होतं, मीच चालतो. भीती तर होतीच, पण खरं सांगतो, नवल त्याहून जास्त वाटलं.

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं चालू राहिली. डॉक्टर रोज म्हणत, अंगठा हलवा. मी दात-ओठ खाऊन हुकूम सोडायचो, अंगठा ढिम्म. बायको तासन् तास तळवे चोळायची. मला त्यातलं काहीच कळायचं नाही.

एका दुपारी ती अशीच चोळत बसली होती. मी वैतागून म्हणालो, "हळू चोळ ना. लय खरखरीत हात हायेत तुये."

तिचे हात थांबले. मी काय बोललो, ते मलाही मग कळलं. तिनं दुसरा पाय हातात घेतला आणि विचारलं, "आन् इथं?"