मकावच्या पेटीचा टवका

हळर्णहून पेडण्याला जाणारी सकाळची बस त्या दिवशी उशिरा आली. ती वेळेवर आली असती तर बाबांनी खिशातली काड्यापेटी बाहेर काढली असती की नाही, सांगता येत नाही. आईने आदल्या दिवशी रडून घेतलं होतं. आता ती माझ्या पिशवीतल्या कोकमाच्या सोलांच्या पुडीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होती. बाबा चिऱ्यांच्या कठड्यावर बसून होते. वळणावर बस दिसली तेव्हा उठले आणि काड्यापेटी माझ्या हातात दिली. आत कापसावर नखाएवढा लाल टवका होता.

“थंय कोणाक तरी दाखय,” ते म्हणाले. “माझो हात चुकलो काय वस्तूच येगळी हुती, इतक्याच माका कळाक व्हया.”

मी चीनला चाललो होतो. गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास मी पणजीत एका दैनिकात लागलो होतो. तिथे बरीच वर्षं बंदराच्या बातम्या केल्या. पुढे डिचोलीकडचं खनिज चीनला जोरात जाऊ लागलं आणि वास्कोच्या एका निर्यातदाराने मला जहाजांच्या कागदपत्रांसाठी घेतलं. फूचौ शहराजवळच्या बंदरात माल उतरताना आमच्या बाजूचा माणूस म्हणून हजर राहायचं आणि ओलाव्याच्या चाचणीवर सही करायची, हे काम. नोकरीच्या दोन्ही अर्जांत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ लिहिलं होतं. बाबा चितारी होते. लाकडाचे पाट, पाळणे, चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी आणि लाखेची खेळणी करायचे.

टवक्याची गोष्ट मी शाळेत असतानाची. गावच्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरात मकावहून आलेली एक पेटी होती. लाल, चकचकीत, झाकणावर दोन बगळे. तिचा कोपरा तडकला आणि भाटकारीणबायनी ती बाबांकडे पाठवली. चितारी भाटकाराच्या कामाला नाही म्हणत नसे. ‘येत नाही’ हा शब्द आमच्या पडवीत कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. बाबांनी पेटी पाहिली, लाल आहे, चकाकते आहे, म्हणजे लाखच, असं ठरवलं. आमच्या रीतीप्रमाणे कोपऱ्याला शेगडीची ऊब दिली आणि लाखेची कांडी टेकवली. गरम असेपर्यंत रंग बेमालूम जुळला. थंड झाल्यावर कोपरा फुगला आणि जुन्या रंगाचा एक टवका उडून पाटावर पडला.

बाबांनी पेटी तशीच परत नेली. काही बोलले नाहीत. भाटकारीणबायही “रवांदी, चितारी,” म्हणजे राहू दे, एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पाट सावंतवाडीहून आले. त्या घराचं काम आमच्याकडे परत आलं नाही, आणि बाबांनी सपाट वस्तूवर लाख चढवणं सोडलं. कातावर, म्हणजे लाकूड गोल फिरवायच्या चरकावर, होणारी खेळणी तेवढी करत राहिले. कुणी पाट मागितलाच तर डोळे गेले म्हणत. डोळे चांगले होते.

फूचौमध्ये रविवार मोकळा असे. बंदराच्या कचेरीतली लिन नावाची सहकारी इंग्रजी बोलायची. तिला मी टवका दाखवला. तिने मला एका संग्रहालयात नेलं. ते छत्र्यांचं निघालं. तेल लावलेल्या कागदाच्या छत्र्या, बांबूच्या काड्या, काड्यांना भोकं पाडायची हत्यारं, सगळं काचेआड. संध्याकाळी फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तू चीनात छत्र्यो बघूक गेलंस?” मग दांडा कसल्या लाकडाचा ते विचारलं. मी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी जाऊन पाहून आलो. दुसरं संग्रहालय शिंगाच्या फण्यांचं. तिथे एका कारागिराच्या घराण्याचा वंशवृक्षासारखा नावांचा तक्ता लावला होता, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. मी त्यापुढे बराच वेळ उभा राहिलो.

तिसरं लाखेचं. म्हणजे आपण ज्याला लाख समजलो त्याचं. मागच्या बाजूला काम करून दाखवायची खोली होती. तिथल्या साठीच्या बाईंनी टवका चिमट्यात धरला आणि कडेकडून भिंग फिरवलं. लाल रंगाखाली काळा, काळ्याखाली कापडाचा धागा. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि लिनने सांगितलं: “हे कुणी तापवलं?”

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणालो. “ते लाखेचे कारागीर आहेत.” परक्या माणसासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

बाईंनी उठून भिंतीतलं एक लाकडी कपाट उघडलं. आत ओली फडकी टांगली होती आणि फळ्यांवर वाट्या वाळत होत्या. हा रंग झाडाचा चीक, त्या म्हणाल्या. तो उष्णतेने नाही, दमट हवेत घट्ट होतो. थरावर थर, महिनोन् महिने. तुमची लाख किड्याची, ती विस्तवाने बसते. शेगडीवर धरल्यावर आतलं लाकूड आक्रसलं आणि वरचा थर सुटला. कितीही चांगला हात असता तरी सुटलाच असता.

मी हे सगळं त्याच दिवशी फोनवर बाबांना शब्दशः सांगितलं, बातमी सांगावी तसं. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

“हात चुकलो नाय,” ते म्हणाले. “तोंड चुकला. ठावक नाय म्हणाक व्हया हुता माका.” आणि फोन ठेवता ठेवता: “तो टवको घेवन ये. तो आपलो न्हय.”

चवथीला रजा मिळाली. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी धुवट सदरा घातला आणि आम्ही भाटकारांकडे गेलो. भाटकारीणबाय खूप थकल्या होत्या, दारापुढच्या बलकांवात, बाकं असलेल्या ओसरीत, उशीला टेकून बसल्या होत्या. बाबा पायरीखाली उभे राहिले. “बाय, ती पेटी कसली ती माका ठावक नाशिल्ली,” ते म्हणाले. “ठावक आसा असा दाखवन घेतली. चूक माझी.” मी काड्यापेटी पुढे केली.

भाटकारीणबायनी ती उघडून पाहिली. “माका त्याच दिसा कळल्यां,” त्या म्हणाल्या. “तू येवन सांगशीत म्हणान रवलंय. तू येवकच नाय.”

“सावंतवाडीचे पाट इले मगे,” बाबा म्हणाले.

“तुझ्या तोंडार कुलूप. पाट करूक कोणाक सांगतलंय?” त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला. “बस, चितारी.”

त्या बाकावर बाबा आयुष्यात कधी बसले नव्हते. ते कडेला बसले. सुनेने आतून पेटी आणली. बगळे तसेच होते. कोपऱ्यावर आमच्या लाखेचा ओघळ पांढुरका पडला होता. आत बटणं आणि दोऱ्याची रिळं होती. बाईंनी टवका कापसासकट त्यात ठेवला आणि झाकण लावलं. कोपरा तसाच राहिला.

त्या वर्षी बाबांनी दोन पाट केले, एका नातेवाइकाच्या लग्नासाठी. ते त्यांचे शेवटचे. बाबा वारले तेव्हा मी फूचौच्या बंदरात होतो. घरी पोहोचलो तेव्हा सुतकही संपलं होतं. माझा भाऊ खनिजाच्या ट्रकवर आहे आणि बाबांच्या कामाच्या पडवीत आता त्याची मोटारसायकल उभी असते. गाव सोडून गेलेल्यांना हे नवीन नाही, राहिलेल्यांना तर नाहीच.

यंदा मी पुन्हा लाखेच्या संग्रहालयात गेलो. त्या बाई निवृत्त झाल्या होत्या. ओल्या फडक्यांचं कपाट होतं. दाराशी पाहुण्यांची वही असते: नाव, गाव, व्यवसाय. मागच्या वेळी मी ‘गोवा, खनिज’ लिहून मोकळा झालो होतो. या वेळी देवनागरीत गावाचं नाव लिहिलं, हळर्ण. व्यवसायाच्या रकान्यात माझं काम लिहिलं, आणि जागा उरली नव्हती तरी त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: चितार्‍याचा मुलगा. वहीपाशी बसलेल्या मुलीने ती अक्षरं कोणत्या भाषेतली म्हणून विचारलं.

“घरची,” मी म्हणालो.