थोरलीचं बोलणं

"दार. दार उघडू. उघडलं." शेजारच्या खोलीतून सकाळी असा आवाज आला, की आमच्या पडेगावच्या गल्लीला कळायचं, शेजारीण लेकीला घेऊन थेरपीला निघाली. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, ही बाई स्वतःशीच बोलते.

ती सोयगावची. धाकटी लेक तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाकेला वळून बघत नव्हती. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. जितक्या लवकर सुरुवात कराल तितकं बरं, म्हणाले. रोज सोयगावहून शहरात येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं इथं खोली घेतली. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान गावात, तो तिथंच राहिला. आठ वर्षांची थोरली आजीजवळ राहिली.

जे कराल ते छोट्या शब्दांत बोलून दाखवा, असं थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं. हिनं ते इतकं मनावर घेतलं, की एकदा भाजीवाल्यालाही म्हणाली, "कांदा. कांदा हवा." हिला ऐकू कमी येतं असं वाटून त्यानं मोठ्यानं, सावकाश विचारलं, "किती... हवा?" त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सात महिन्यांनी धाकटी माठापाशी उभी राहून "पाणी" म्हणाली. ही धावत माझ्याकडं आली. "काकू, मागितलं हो तिनं! तोंडानं मागितलं!" या गडबडीत पाणी द्यायचं राहिलंच होतं. ते मी दिलं.

दर रविवारी नवरा थोरलीला घेऊन यायचा. एका रविवारी थोरली शाळेतलं भांडण रंगवून सांगत होती. आई धाकटीसमोर ठोकळे मांडता मांडता म्हणाली, "भांडण. भांडण झालं."

थोरली थांबली. म्हणाली, "आई, मला बोलता येतं. माझ्यासंगं नीट बोल ना."

बापलेक गेल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. "एकीला शब्द शिकवायलेय, काकू, अन् दुसरीचं ऐकायलाच नाय झालं मला."

मी आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात तिनं नवऱ्याला दुकान बंद ठेवायला लावलं, सासूलाही बोलावून घेतलं आणि दोघांना मॅडमसमोर बसवलं. "म्हंजे आता मागितल्याबिगर हातात द्यायचं नाय, व्हय?" सासूनं तीन-तीनदा विचारून घेतलं. पंधरा दिवसांनी एकदा शहरात यायचं, बाकी सगळं घरी करायचं, असं ठरलं. रोजच्याइतकी प्रगती होणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "हळू होईल. पण सगळे एका घरात ऱ्हाऊ."

धाकटी आता किती बोलते, मला ठाऊक नाही. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी होत गेले.

ती खोली सोडून गेली तो दिवस मात्र आठवतो. टेम्पोत सामान चढलं. धाकटीला घेऊन बाप ड्रायव्हरशेजारी बसला. मागं सामानात बसलेल्या आईच्या मांडीवर थोरली बसली. मांडीवर मावायचं तिचं वय नव्हतं, पाय खाली लोंबत होते. ती काहीतरी सांगत होती आणि आई तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होती.

मी हात हलवला. दोघींनीही तो पाहिला नाही.