जे हाताला लागलं ते

तेजल पुंजाराम साळवे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली, तेव्हा सातपूरच्या त्यांच्या कॉलनीत कोणाचा विश्वास बसेना. बसणार कसा? दहावीपासून पोरीने पहिला नंबर सोडला नव्हता. कॉलनीने तर तिला पहिल्याच वर्षी ‘डॉक्टर’ करून टाकलं होतं. कोणाला सर्दी झाली की आधी तेजल, मग दवाखाना.

झालं होतं असं. प्रॅक्टिकलला पेशंट तपासायचा आणि जे सापडेल ते परीक्षकांना सांगायचं. आता कुठल्या खाटेवर कुठला आजार, ही बातमी त्या सकाळी सगळ्या पोरांपर्यंत पोचलेली असतेच. कशी पोचते ते मला विचारू नका. तेजलच्या कानावर आलं की चार नंबरच्या बाईची स्प्लीन, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, वाढलीय. तेजलने पोट दाबून पाहिलं. काही लागलं नाही. पण सगळे सांगतायत म्हटल्यावर आपल्या हाताला कोण विचारतो?

“तीन बोटं वाढलीय,” तिने ठोकून दिलं.

“कुठे? माझा हात ठेवा बरं तिथे,” परीक्षक म्हणाले.

तिने ठेवला. तिथे काहीच नव्हतं. पेशंटच्या खाटा सकाळीच आपसांत बदलल्या होत्या.

त्या दिवसानंतर तेजलचं तिच्या हातांवरून मनच उडालं. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती, पण वॉर्डाची पायरी चढताना छातीत धडधड सुरू व्हायची. पेशंटची नाडी मोजायची, मग पुन्हा मोजायची, मग शेजारच्या मैत्रिणीला, हर्षालीला, मोजायला लावायची. पुस्तकाचं एक पान तासभर उघडं. जेवण अर्धं ताटात. कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमकडे ती जाऊ लागली, त्याने झोप जरा लागायला लागली, हे खरं. पण एका दुपारी आईजवळ ती बोललीच, “मी डॉक्टर व्हायलाच नको होतं गं. मला काही कळतच नाही.” लताबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “पप्पांचा डबा राहिलाय घरी. जा, देऊन ये. तेवढंच बाहेर पडशील.”

पुंजाराम सातपूरच्या एमआयडीसीत तयार झालेले सुटे भाग मापून पास-नापास करतो, वीस वर्षं झाली. दिवसाची पाळी नुकतीच बदलली होती. तेजलने डबा ठेवला, तर टेबलावर आधीच्या पाळीचं वजनाखाली दाबलेलं रजिस्टर पालथं पडलेलं.

“उलटं का ठेवलंय पप्पा?”

तो हसला. एक लोखंडी पिन आणि मायक्रोमीटर, म्हणजे फिरवून जाडी मोजायचं माप, तिच्या हातात दिलं, रजिस्टर सुलटं केलं. “वाच आकडा. आता माप.”

रजिस्टरात पंचवीस मिलिमीटर लिहिलं होतं. तेजलने फिरवत फिरवत पंचवीसवर आणलं. “बरोबर आहे.”

“टिकटिक वाजली का? पिनेला नीट टेकलं का वाजते ती.”

“नाही.”

“मंग थांबलीस कशापायी? फिरव अजून.”

तिने फिरवलं. ते पंचवीसच्या खाली उतरलं आणि मग कुठे टिकटिक वाजली. पिन बारीक होती, नापासातली. तिनेच स्वतःच्या हाताने तिला पास केलं होतं.

“लय जण करतात असं,” पुंजाराम म्हणाला. “आकडा आधी वाचला का हात तिथंच थांबतो. हाताची काय चूक नाय. आधी आपलं मापायचं, लिहायचं, मंग दुसऱ्याचं बघायचं.”

तेजल त्या पिनेकडे बघतच राहिली. इतके दिवस ती स्वतःला अडाणी समजत होती, आणि बिचाऱ्या हाताने तर तेव्हा खरंच सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवसापासून तिने वॉर्डात पेशंटची फाइल पालथी ठेवायला सुरुवात केली. आधी हात, मग स्वतःच्या वहीत नोंद, मग फाइल. चुकायची. चुकली की कुठे चुकली ते समजायचं. धडधड गेली नाही, पण तिचं काम अडेनासं झालं.

परीक्षेच्या सकाळी जिन्यावर बातमी तयारच होती. “हरसूलचा रावजी आलाय,” एकजण म्हणाला. “मागच्याही वेळी होता. रक्ताचा आजार, स्प्लीन चार बोटं.” तेजलने ऐकून घेतलं, कानात बोळे थोडेच घालता येतात? आणि नेमका रावजीच तिच्या वाट्याला आला.

तिने त्याला सगळं सवडीने विचारलं. “आधी प्वाट दगडासारखं हुतं,” रावजी म्हणाला. “चार घास गेलं का बास. आता गोळ्या चालू हायत. तीन भाकरी खातो.” तिने पोट तपासलं. काही नाही. कुशीवर वळवून तपासलं. काही नाही. तिने वहीत तसं लिहिलं, आणि खोडलं नाही.

“स्प्लीन?” परीक्षकांनी विचारलं.

“लागत नाही सर.”

“पुन्हा बघा.”

तिने पुन्हा बघितलं. “नाही लागत सर.”

“तुमच्या आधीच्या तिघांना लागली. चार बोटं. ते तिघे चुकले?”

“त्यांचं मला माहीत नाही सर. आधी ती वाढलेली असणार, पेशंटच्या सांगण्यावरून तसं वाटतं. औषधाने उतरली असावी. आज मला लागत नाही.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “आज पोटाला हात सगळ्यांनी लावला,” ते म्हणाले. “तपासलं तुम्ही.” रावजी खाटेवरून तोंडभर हसला. तेजल बाहेर आली आणि पाणी पिता पिता रडली.

तीन आठवड्यांनी निकाल मोबाइलवर आला. लताबाई शेजारीच उभ्या होत्या, पोरीचा स्वभाव त्यांना पाठ.

“पास ना गं? नीट बघितलंस का? हर्षालीला फोन लाव, तिलाही एकदा बघू दे.”

“कशाला आई?” तेजलने मोबाइल खिशात टाकला. “मी बघितलंय.”